भांडी घासायचं यंत्र : जुनं की नवं?

(जानेफळ, ता. मेहकर, जि. बुलडाणा इथे बचत गटाच्या बायकांसमोर केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघात जसं आलं तसंच ठेवलं आहे.)

मैत्रिणींनो,

मला बोलवायला ज्या दोघी आल्या होत्या त्या म्हणाल्या, "ताई, भाषण नको देऊ, हिशोब सांग." म्हणून आज हिशोबच सांगते. मध्ये मध्ये विषय सोडून बोलेन, तेवढं चालवून घ्या.

तुमच्या गटातल्या अकरा जणी लग्नसराईत मांडवातली भांडी घासायचं काम घेतात. पाचशे ताटं, पाचशे वाट्या, तेवढेच पेले, शिवाय गंज, कढया, परातींचा ढीग. रात्री अकराला बसायचं आणि पहाटे उठायचं. आता संभाजीनगरचं एक हॉटेल त्यांचं जुनं भांडी धुवायचं यंत्र विकायला काढतंय. ते कळल्यावर एक दुकानदार म्हणाला, जुनं कशाला घेता, थोडे जास्त घाला, हप्त्यानं नवं न्या. गटात दोन तट पडलेत. तिसराही एक तट आहे, तो फारसा बोलत नाही. रोजानं येणाऱ्या दोघी मागे भिंतीला टेकून बसल्यात ना, त्यांचा. त्यातली एक मघाशी दारातच मला म्हणाली, "मशीन आली त आमचं काय वं बाई?" त्या प्रश्नाकडे मी येणार आहे. टाळणार नाही.

मी काही इंजिनियर नाही. मी याच गावची लेक, लग्न होऊन पुण्याला गेले. माझी आई लग्नाघरी भांडी घासायची. तिच्या बोटांच्या बेचक्या कायम पांढऱ्या आणि सोललेल्या असायच्या. मी लहानपणी समजायचे की आयांचे हात असेच असतात. पुण्यात गेल्यावर पहिल्यांदा भांडी धुवायचं यंत्र पाहिलं ते माझ्या नणंदेकडे. तिनं १९९७ साली घेतलेलं, मोठ्या शहरांत ही यंत्रं तेव्हा नुकती दुकानांतून दिसायला लागली होती. आमच्याकडे यंत्र आलं ते २०२० च्या टाळेबंदीत. तेव्हा कामाला बाई येऊ शकत नव्हती, आणि शहरातल्या कितीतरी घरांना पहिल्यांदाच कळलं की दिवसाला किती भांडी पडतात. त्या वर्षी या यंत्रांना एकदम मागणी आली, दुकानात नंबर लावावा लागला. नणंद वरच्या मजल्यावर, आम्ही खालच्या. त्यामुळे एकाच इमारतीत जुनं आणि नवं अशी दोन यंत्रं माझ्या हाताखालून गेली. तेवढाच माझा अधिकार.

आधी हे यंत्र करतं काय ते सांगते, कारण ते कळलं की निम्मा वाद मिटतो. आत ब्रश नाही, घासणी नाही. खाली आणि वर फिरणारे दोन पोकळ हात असतात, त्यांना भोकं. पंप गरम पाणी जोरानं त्या भोकांतून फेकतो आणि त्याच पाण्याच्या धक्क्यानं हात गरगर फिरतात. तेच पाणी जाळीतून गाळून परत परत फेकलं जातं. मग ते घाण पाणी बाहेर, नवं पाणी आत, विसळणं, आणि शेवटी वाळवणं. बस, एवढंच.

म्हणजे घासणं नाहीच. मग निघतं कसं? १९५९ च्या सुमारास हर्बर्ट सिन्नर नावाच्या एका जर्मन रसायनतज्ज्ञानं धुण्याचा एक साधा हिशोब मांडला. कुठलीही वस्तू स्वच्छ व्हायला चार गोष्टी लागतात : उष्णता, रगडा, रसायन आणि वेळ. एक कमी केली तर दुसरी वाढवावी लागते. तुम्हाला हे सांगायला जर्मनीहून माणूस आणायची गरज नाही. करपलेल्या दुधाचं पातेलं आपण काय करतो? पाणी घालून रात्रभर ठेवतो. म्हणजे रगडा कमी करायचा म्हणून वेळ वाढवतो.

रसायनही आपल्याला नवं नाही. चुलीत पऱ्हाट्या-तुराट्या जाळायच्या आणि त्याची राख भांड्यांना, हे आपण सगळ्यांनी केलंय. राखेत खार असतो. तुपातेलाला खार लागला की त्याचा थोडा साबणच होतो आणि तो पाण्याबरोबर जातो. लोणार इथून लांब नाही. तिथल्या सरोवराचं पाणी हाताला बुळबुळीत लागतं, तेही त्यातल्या खारामुळेच. आणि यंत्रात टाकायची जी महागाची पूड किंवा वडी मिळते, तिच्यात मुख्य भाग धुण्याच्या सोड्याचा, म्हणजे त्याच कुळातला. आजीची राख आणि मॉलमधली वडी या सख्ख्या नाही तरी चुलत बहिणी आहेत. फरक एवढाच की राखेनं आजीची बोटं फाटायची आणि वडीला बोट लावावं लागत नाही.

आता जुनं आणि नवं.

जुन्या यंत्राचा भर उष्णतेवर आणि पाण्यावर होता. नणंदेचं यंत्र पाणी चांगलं पासष्ट अंशांपर्यंत तापवायचं, सव्वा-दीड तासात काम उरकायचं, आणि आवाज असा करायचं की शेजारी गिरणी चालू आहे असं वाटावं. मी एकदा त्याची सांडपाण्याची नळी बादलीत सोडून मोजलं. पंचवीस लिटर. माझ्या नव्या यंत्राचं मोजलं तर अकरा. नवं यंत्र काटकसरीच्या चक्रावर पन्नास अंशांच्या आसपासच पाणी तापवतं, आवाज जवळजवळ नाही, पण वेळ घेतं तीन तासांच्या वर. मी हे गावात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एक काकू म्हणाल्या, "मायबाई, तीन घंटे? तेवढ्यात मी भांडे घासून, दळून, सैपाक करून मोकळी होते!" हसू नका, बरोबर बोलल्या त्या. पण तो नव्या यंत्राचा आळस नाही. पाणी आणि उष्णता कमी केली, म्हणून वेळ वाढला. सिन्नरचाच हिशोब.

दुसरा बदल पुडीत झाला. पूर्वीच्या पुडीत फॉस्फेट असायचं. ते जड पाण्यातला चुना धरून ठेवायचं आणि काम फार छान करायचं. पण तेच फॉस्फेट नदीतळ्यांत गेलं की शेवाळ माजतं आणि मासे मरतात. म्हणून अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी २०१० साली भांड्यांच्या पुडीतलं फॉस्फेट जवळजवळ बंद केलं, युरोपनं २०१७ पासून. तिकडे तेव्हा बायका तक्रार करू लागल्या की नवी यंत्रं नीट धूत नाहीत, पेल्यांवर पांढरा थर राहतो. त्यात यंत्राचा दोष थोडा, पुडी बदलल्याचा जास्त होता. पुढे नव्या पुडीत एन्झाइमं वाढवली. ही जैविक द्रव्यं. एक भाताचा, पिठाचा चिकटपणा तोडतं, दुसरं दूध-डाळ-अंड्यातला. त्यांना बेताची ऊब आणि भरपूर वेळ लागतो. उकळतं पाणी त्यांना मारून टाकतं. आता तीन तास का, ते आणखी स्पष्ट झालं असेल.

२०२१ साली मी आणि नणंदेनं एक उद्योग केला. घरात पाहुणे होते, रोडगे, वरण, वांग्याची भाजी असा बेत. सगळी खरकटी भांडी निम्मी निम्मी वाटली, चार तास वाळू दिली आणि दोन्ही यंत्रांत एकाच कंपनीची वडी टाकली. निकाल असा. तुपाचे हात लागलेली ताटं जुन्या यंत्रातून जास्त स्वच्छ निघाली, बोट फिरवलं की करकर आवाज. नव्यातल्या दोन वाट्यांच्या बुडाशी तुपाचा ओशटपणा राहिला होता. उलट वाळलेला भात आणि वरणाची पापडी नव्या यंत्रानं साफ उतरवली. जुन्यात ती पापडी बऱ्याच ताटांवर होती तशीच शिजून घट्ट बसली. वांग्याच्या भाजीची करपलेली कढई दोघांनाही जमली नाही. ती मी नंतर तारेच्या घासणीनं घासली आणि मला आईची आठवण झाली. पेले जुन्यातून धूसर निघाले, नव्यातून लख्ख.

पेल्यांचं कारण मात्र यंत्राचं वय नव्हतं, मीठ होतं. नव्या यंत्रात पाणी मऊ करायची सोय असते. एका कप्प्यात राळेचे बारीक मणी असतात, ते पाण्यातला चुना धरून ठेवतात आणि त्या मण्यांना ताजं करायला जाडं मीठ घालावं लागतं. जुन्यातही ती सोय होती! नणंदेनं चोवीस वर्षांत पहिल्या वर्षानंतर तिथे मीठ घातलंच नव्हतं. कुणी सांगितलंच नाही तिला. माहितीपुस्तक इंग्रजीत. ही गोष्ट मी जानेफळात मुद्दाम सांगते, कारण बोअरच्या पाण्यानं आपल्याकडे काय होतं ते तुमच्या पातेल्यांना विचारा. पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाला जो पांढरा खवला धरतो, तोच खवला यंत्राच्या हीटरवर धरतो. यंत्र जुनं असो की नवं, त्याला आधी पाणी मारतं.

आणखी एक. नव्या यंत्रात पाण्याचा गढूळपणा बघणारा डोळा असतो. पाणी गढूळ दिसलं तर ते जास्त धुतं, निवळ दिसलं तर लवकर आटपतं. आपल्या बायकांना सवय अशी की यंत्रात ठेवण्याआधी भांडं विसळायचंच. मग यंत्राला वाटतं भांडी स्वच्छच आहेत, आणि ते हलकं धुऊन सोडून देतं. खरकटं काढून टाका, विसळू नका. आणि आतली जाळी स्वतः काढून धुवा. काही जुन्या परदेशी यंत्रांत खरकटं वाटून टाकणारं पातं असायचं, आवाजाचं एक कारण तेच. नव्यात बहुधा नुसती जाळी असते. ती तुंबली की घाण पाणीच परत भांड्यांवर. आमच्याकडे पहिले सहा महिने ती जाळी कुणी धुतली नाही. घरात चार माणसं आणि प्रत्येकाला वाटत होतं की ते दुसऱ्याचं काम.

आपल्या स्वयंपाकघरातलं सगळंच या यंत्रात जात नाही, हे दुकानदार सांगत नाही. स्टीलची ताटं, वाट्या, पेले, चमचे उत्तम. ॲल्युमिनियमचे गंज काळे पडतात, खार त्याला खातो. पितळ-तांबं डागाळतं. लोखंडी तव्याचं तेल मुरलेलं अंग धुऊन निघतं आणि दुसऱ्या दिवशी गंज चढतो. लाकडी पोळपाटाला तडा जातो. एकात एक घातलेल्या वाट्या कोरड्याच्या कोरड्या बाहेर येतात, कारण फेकलेलं पाणी तिथे पोचतच नाही.

पाण्याचंही बोलू. हात लावून धुण्यापेक्षा यंत्राला पाणी फार कमी लागतं, अशी जाहिरात असते. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० नंतरच्या वर्षांत युरोपातल्या माणसांना बारा जणांची भांडी हातानं धुवायला लावली आणि मोजलं. सरासरी निघाली १०३ लिटर पाणी आणि ७९ मिनिटं. आकडा खरा आहे, पण तो उघड्या नळाखाली धुणाऱ्यांचा आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी बाई नळ उघडा सोडत नाही. ती एका घमेल्यात घासते, दुसऱ्यात खळबळते, तिसऱ्यात विसळते, आणि तिसऱ्यातलं पाणी पुढच्या खेपेला पहिल्यात ओतते. यंत्र आत जे करतं तेच ती करते. तिच्याशी तुलना केली तर घरच्या यंत्राचा फायदा पाण्यात फारसा नाही. फायदा आहे तो कंबर, गुडघे आणि हातांत. तो कमी आहे असं मी म्हणत नाही.

आता टिकाऊपणा. "जुनं ते सोनं" असं सगळे म्हणतात. नणंदेचं यंत्र सव्वीस वर्षं चाललं, २०२३ मध्ये ते भंगारात गेलं. तेवढ्या काळात दाराचं रबर दोनदा बदललं, हीटर एकदा, पंपाचं सील एकदा. वेळ ठरवायला त्याला एक टिकटिक करणारी चकती होती, ती कधीच बिघडली नाही. माझं नवं यंत्र तिसऱ्या वर्षी एका दुपारी लाइट कमीजास्त झाली आणि बंद पडलं. त्याचा इलेक्ट्रॉनिक पत्रा जळला होता. कंपनीचा माणूस आला, म्हणाला पत्रा मागवावा लागेल. सात आठवडे लागले, आणि पैसे इतके की त्यात जवळजवळ पाव यंत्र आलं असतं. कंपनीचं नाव घेत नाही, दुसऱ्या कंपन्यांच्या यंत्रांबद्दलही मैत्रिणींकडून हेच ऐकलंय.

पण यावरून जुनी यंत्रं जास्त टिकतात असं म्हणायला मी एकदम तयार नाही. नणंदेच्या इमारतीत त्या वर्षी तिघींनी यंत्रं घेतली होती. दोघींची चार-पाच वर्षांतच बंद पडून गेली. ती आपल्याला दिसत नाहीत, म्हणून आपण मोजत नाही. जे सव्वीस वर्षं टिकलं तेच डोळ्यांसमोर राहतं आणि आपण म्हणतो, बघा, जुनी यंत्रं कशी होती! आपल्या आज्यांबद्दलही असंच बोलतात ना, की त्या काय दणकट होत्या. ज्या बाळंतपणात गेल्या त्यांच्याबद्दल बोलायला कोण उरलंय?

मला खरा फरक वाटतो तो मोडण्यात नाही, दुरुस्तीत आहे. जुनं यंत्र मोडलं तर कुठे मोडलं ते दिसतं. नवं यंत्र मोडलं तर एक आकडा दाखवतं आणि तो आकडा फक्त कंपनीच्या माणसाला वाचता येतो. युरोपात याविरुद्ध लोक बोलले, तेव्हा २०२१ पासून तिथे नियम आला की भांडी धुवायच्या यंत्राचे सुटे भाग, भागाप्रमाणे सात ते दहा वर्षं, कंपनीनं पुरवलेच पाहिजेत. आपल्याकडे ग्राहक खात्यानं २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केलं. कंपन्यांनी तिथे माहिती द्यायची असं आहे. तो कायदा नव्हे.

आता तुमच्या यंत्राकडे येते. हॉटेलचं यंत्र घरच्यासारखं नसतं, हे आधी डोक्यात घ्या. त्याचं झाकण वरून खाली ओढायचं. आत हातभर लांबीरुंदीची चौकोनी टोपली बसते. साठ अंशांच्या आसपासच्या पाण्यानं धुणं आणि ऐंशीच्या वरच्या पाण्यानं विसळणं, सगळं एक-दोन मिनिटांत. विसळण्याचं पाणी इतकं कढत असतं की ताट बाहेर काढलं की आपोआप वाळतं, फडकं लागत नाही. पाचशे माणसांच्या ताटं-वाट्या-पेल्यांना मिळून साधारण सत्तर खेपा होतील. एका खेपेला तीन लिटर धरा, दोनशे दहा लिटर झाले. आतली टाकी भरायला तीस-चाळीस लिटर, आणि ते पाणी अधूनमधून बदलावं लागेल. सगळं मिळून तीन-साडेतीनशे लिटर धरून चाला. मागच्या आठवड्यात तुम्ही माझ्यासमोर मांडवात घासलंत तेव्हा दोनशे लिटरचे चार पिंप रिकामे झाले होते. इथे मात्र पाण्याचा फायदा उघड दिसतो.

वीज मात्र थ्री-फेज लागणार. आणि एक फेज गेली की काय होतं ते शेतावर मोटर असणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. इथेच मला जुनं यंत्र बरं वाटतं. त्यात हीटर, मोटर, काँटॅक्टर, पाण्याचा फ्लोट आणि एक टायमर एवढंच सामान आहे असं त्या हॉटेलच्या माणसानं फोनवर सांगितलं. मोटर जळली तर विहिरीवरची मोटर भरून देणारा कारागीर ती भरून देईल. काँटॅक्टर मेहकरच्या दुकानात मिळेल. नव्यात पडदा आहे, बटणं आहेत, पाणी-वीज थोडी कमी लागते, वाफ बाहेर येत नाही, ताटं बहुधा थोडी जास्त स्वच्छ निघतात. पण ऐन लग्नात रात्री दहाला त्याचा पत्रा जळला तर आपण काय करणार? घरासाठी मला विचारलंत तर मी नवं घे म्हणेन. मांडवासाठी, या गावच्या लाइटीवर, माझा कौल जुन्याला आहे, पण ते तपासून घेतलं तरच.

ज्या बाईनं हे यंत्र पहिल्यांदा चालतं केलं तिनंही ते हॉटेलांनाच विकलं. जोसेफिन कॉक्रन तिचं नाव, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातली. नवरा १८८३ साली गेला, मागे कर्ज ठेवून. तिनं घरामागच्या छपरीत एका मेकॅनिकला हाताशी धरून यंत्र बनवलं आणि १८८६ च्या डिसेंबरात त्याचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी त्याच देशात आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या होत्या. १८९३ च्या शिकागोच्या मोठ्या प्रदर्शनात तिच्या यंत्राला बक्षीस मिळालं. पण घरं ते घेईनात. महाग होतं, तेवढं गरम पाणी घरात नव्हतं, आणि घरातल्या बाईचं काम वाचवायला पैसे घालावेत असं पैसे ज्याच्या हातात त्याला वाटत नव्हतं. हॉटेलवाल्यानं घेतलं, कारण त्याला मजुरी मोजावी लागत होती. ज्या कामाला मजुरी मिळते तेच काम वाचवण्यासारखं वाटतं, हे तेव्हाही तसंच होतं. सरकारनं २०२४ साली केलेल्या वेळेच्या पाहणीत, घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषाचा ८८. २०१९ मध्ये हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांनी आपलीही नऊ वाचवून घेतली!

आमच्या घरी एक गंमत झाली. ज्या माणसानं जन्मात कधी स्वतःचा कप विसळला नाही, तो माझा नवरा यंत्र आल्यावर रोज रात्री भांडी रचायला लागला. बटण आहे ना! ताटं कुठल्या कोनात ठेवावीत यावर तो मला व्याख्यान देतो. देऊ दे. मी ऐकून घेते आणि पाय पसरून बसते.

आता मागच्या दोघींचा प्रश्न. नणंदेकडे १९९७ साली एक मावशी भांड्यांना यायच्या. यंत्र आलं तेव्हा त्यांना वाटलं काम गेलं. काम गेलं नाही. त्या रोज यायच्या, भांडी यंत्रात लावायच्या, काढायच्या, मोठी कढई-कुकर हातानंच घासायच्या, आणि "आता काय, यंत्रच करतंय" म्हणून त्यांचा पगार मात्र कमी केला. मी तेव्हा त्या घरात नवी सून होते, गप्प बसले. ते मला अजून टोचतं. पुण्यात मोलकरणींनी १९८० सालीच संप करून दाखवला होता, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. घरकामगारांसाठी महाराष्ट्रानं कल्याण मंडळाचा कायदा केला २००८ साली. पण त्या मावशींच्या आणि नणंदेच्या मध्ये यातलं काहीच आलं नाही, आणि मीही आले नाही.

मांडवात आणखी एक गोष्ट आहे, ती आपण सगळ्या जाणतो आणि बोलत नाही. दुसऱ्याचं उष्टं कुणी काढायचं हे आपल्याकडे जातीवरून ठरत आलं. गटानं हे काम घेतलं तेव्हा अकरापैकी किती जणींच्या घरी भांडण झालं, ते तुम्हीच मला सांगितलंत. यंत्र आल्यावर आता त्याच घरांतून ऐकू येतंय की "मशीनवर आमची सून बसेल." आणि खरकटं काढून टोपली भरायला कोण? ते काम यंत्र करत नाही, ते हातानंच राहणार. या दोघींना तिथे कायमचं बसवून तुम्ही झाकण ओढत बसलात तर मी पुन्हा इथे येणार नाही. मी सुचवते ते असं : पाळी लावा. आज जी टोपली भरते ती उद्या झाकण ओढेल. या दोघींना रोजावर न ठेवता गटात घ्या, त्यांचा पहिला हप्ता त्यांच्या मजुरीतून न कापता लग्नाच्या मिळकतीतून भरा. आणि यंत्राची पावती गटाच्या नावानं, कुणाच्या नवऱ्याच्या नावानं नाही. हिशोब सांगायला बोलावलंत ना, हाही हिशोबच आहे.

रविवारी आपण संभाजीनगरला यंत्र बघायला जातोय. सकाळी पहिल्या एसटीनं निघू. मोटर भरणाऱ्याला मी विचारलंय, तो बरोबर यायला तयार आहे, त्याचं भाडं गटातून. हीटर बाहेर काढून दाखवा म्हणायचं, त्यावर खवला किती चढलाय बघायचं. पंपाखाली पाणी गळतं का ते वाकून बघायचं. विसळायचं पाणी खरंच ऐंशीवर जातं का, त्यासाठी प्राथमिक शाळेच्या बाईंनी प्रयोगशाळेतला थर्मामीटर द्यायचं कबूल केलंय. हॉटेलवाला आपल्याला त्याची चकचकीत पांढरी ताटं धुऊन दाखवेल, ती बघायची नाहीत. शनिवारी रात्री तुमच्यापैकी चौघींनी घरची वरण-भाताची स्टीलची ताटं तशीच वाळू द्यायची आणि पोत्यात भरून आणायची. सवयीनं विसळून टाकाल, म्हणून आत्ताच सांगते : धुऊ नका.